गणपतीच्या शाळेत

बत्तीस वर्षं देवगड–मिठबाव.
चिमटा वाजवत पुढून मागे, मागून पुढे.
पायरीवर पाय पडतानाच कळायचं,
हा तांबळडेगला उतरणार
आणि सुट्टे नाहीत म्हणणार.
दिवा गेलेल्या गाडीत
बोटांनी नाणी ओळखली मी.
चुका झाल्या, पण वेबिलात राहिल्या नाहीत;
कमी पडले ते खिशातून भरले.

आणि आता आषाढातल्या एका सकाळी
गौरेश मेस्त्रीच्या शाळेत
गोणपाटावर मांडी घालून बसलोय.
पुढ्यात मातीचा गोळा,
सुपारीहून मोठा, नारळाहून लहान,
माझ्याकडे बघत असलेला.

आमच्याकडे गणपती घडतात त्या जागेला शाळाच म्हणतात.
साठ वर्षं हा शब्द ऐकला,
त्यात आपला बाक असेल
असं वाटलं नव्हतं.

गौरेशला मी अर्ध्या तिकिटावर नेलेला,
नाक पुसत, दप्तर पोटाशी धरून.
तो म्हणाला,
काका, मूर्ती मगे. आदी उंदीर.

पहिल्याचा बटाटा झाला.
दुसऱ्याचं शेपूट सुकताना गळालं.
तिसरा बघून मेस्त्रीणबाई थांबल्या,
म्हणाल्या, मांजार बरा जमला.

पाट द्यायला येणारे सगळे माझे जुने उतारू.
पाटाखाली खडूने नाव घालायचे,
मग मान वळवायचे:
काय कंडक्टर, सीट मिळाली?
मी ओलं फडकं ओढून घ्यायचो गोळ्यावर,
तिकिटांचा हिशेब लपवावा तसं,
जो मी कधीच लपवला नव्हता.

हात ढिलो सोडा, गौरेश म्हणायचा,
हंय तिकीट फाडूचा नाय आसा.

संध्याकाळी पुळणीवरून घरी जायचो.
होड्या वर ओढून झापांखाली निजलेल्या.
ओहोटीच्या वाळूवर बारक्या कुर्ल्यांनी
गोळ्या वळून ठेवलेल्या, शेकडो.
सगळ्या नीट गोल.
मला हेवा वाटला.
भरती आली, एकही उरली नाही,
आणि सकाळी पुन्हा तेवढ्याच.

मेस्त्रींची शमिका आठ वर्षांची,
तिचा उंदीर उंदरासारखा असतो.
एकदा तिने विचारलं, तुमी कितवीत?
मी जरा थांबलो.
म्हटलं, पहिलीत.
ती म्हणाली, मगे बरोबर आसा.
आणि झाडूतली एक हीर काढून दिली मला,
मिशा कोरायला.

त्या दिवसानंतर फडकं ओढलं नाही.

वेबिलावर खाडाखोड चालत नसे.
इथे खाडाखोड हेच काम.
चुकलं की अंगठा दाबायचा,
कान परत गालात, गाल परत गोळ्यात,
पाण्याचा एक हात,
पुन्हा सुरू.
माती सुट्टे मागत नाही.
बत्तीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं
की न येणं
इतकं गार, मऊ असतं हाताला.

सतराव्याला गौरेशने उचलून उजेडात धरलं,
काही बोलला नाही,
जोईलांच्या पाटावर नेऊन ठेवलं.

चतुर्थीच्या रात्री जोईलांकडे भजनाला गेलो.
सगळे बघत होते गौरेशने रेखलेले डोळे,
समईच्या उजेडात जिवंत झालेले.
मी खाली बघत होतो.
डावा कान लहान.
लहान म्हणजे चांगलाच लहान.
टाळ माझ्या हातात तसाच राहिला,
शेजारच्याने कोपराने ढोसलं.

पाचव्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात
पाट खाली गेला.
उंदीर आधी विरघळला असणार,
त्याची माती माझ्या हातची, कच्ची मळलेली.
पुढच्या वर्षी लवकर या, सगळे ओरडले.
गौरेश बाजूला भिजून उभा,
म्हणाला, काका, ह्या तुमका पण आसा.
आषाढाच्या आदी या, माती मळूची आसा.

मी विचारलं, डोळे कधी देणार रेखायला?

तो पाण्यातून वर येत म्हणाला,
आदी कान.